सयाप्पाच्या काड्या

जरा जवळ सरका. तो कंदील बारीक करा, डोळ्यावर येतोय. हां, आता ऐका. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर म्हणाल, आबा, सोबत चला. मी येणार नाही.

खापरीची खिंड ठाऊक आहे ना? गावाच्या वरल्या अंगाला. आता तिकडनं कुणी जात नाही. पण तेव्हा सडक नव्हती. पलीकडं चिंचवलीला जायचं तर तीच पायवाट. माझी धाकटी चुलती, सुंदराकाकी, तिची थोरली बहीण चिंचवलीला दिलेली. काकी बहिणीकडं गेली होती, अंजिराच्या काड्या आणायला.

काड्या म्हणजे, छाटणीत फांद्या निघतात ना, त्यांचे वीतभर तुकडे. ओल्या मातीत खोचले की मुळं फुटतात, त्याचंच झाड होतं. विकत कोण घेतंय? या गावानं त्या गावाला द्यायच्या. मागितली तर काडीला नाही म्हणायचं नाही, अशी आपल्याकडची रीत.

पण चिंचवलीत एक सयाप्पा होता. त्याच्यासारखं अंजीर पंचक्रोशीत नव्हतं. पातळ साल, आत लालभडक गर. आणि माणूस कसा? छाटणी झाली की फांद्या बांधावर रचायचा आणि स्वतःच्या हातानं पेटवायचा. राख होईस्तोवर तिथनं हलायचा नाही. का? तर कुणी एखादी काडी नेईल. सख्ख्या भावाला दिली नाही, बहिणीला दिली नाही. त्या वर्षी आषाढात सयाप्पा मेला. दसरा झाल्यावर त्याच्या मुलानं छाटणी केली आणि गावात सांगितलं, ज्याला हवी त्यानं काडी न्या.

म्हणून काकी गेली. एकवीस काड्या घेतल्या, ओल्या गोणपाटात बांधल्या. बहीण म्हणत होती, आजची रात राहा. पण घरी दुभती म्हैस, आणि काड्या सुकतील ही धास्ती. दिवस बुडाला आणि काकी निघाली. अवस दोन दिवसांवर आलेली. चांदण्यांचा काय तो उजेड.

खिंडीच्या पायथ्याला दगडावर एक म्हातारा बसलेला. तोंडावर उपरणं. म्हणाला, "बाई, अंजिराची एक काडी द्या." काकीनं दिली. चार पावलं गेल्यावर तिच्या मनात आलं, गोणपाटात काय आहे ते याला कसं कळलं? वळून बघितलं. दगड रिकामा.

बघा, इथंच माणसानं मागं फिरावं. पण काकीला वाटलं, गेला असेल म्हातारा बाजूला. चालत राहिली.

पुढं चढण लागली. वळणावर एक बाई बसलेली, पदर नाकापर्यंत ओढून. तिनंही काडी मागितली. आता मात्र काकीला संशय आला. या वेळेला एकटं बाईमाणूस, ना डोक्यावर ओझं, ना हातात दिवा. काकीनं विचारलं, कुणाची गं तू? तिचा नुसता हात पुढं. काकीनं लांबूनच एक काडी टाकली. बाईनं ती उचलली. मग पदराखालून दुसरी काडी काढली आणि हिच्या शेजारी धरून बघितली. ऐकताय ना? दुसरी काडी. म्हाताऱ्याला दिलेली, बुडाला वाकडी होती तीच.

काकी पळाली नाही. पळालं की ते मागं लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. अंग चोरून झपाझप चालली. माथ्यावर पोचली तर समोरनं बाजीकाका. तिचा नवरा. तीच चाल, तोच खोकला.

"किती उशीर केलास? म्हैस हंबरतीया. आण ते ओझं."

काकीला रडूच फुटलं. गोणपाट त्याच्या हाती दिलं. दोघं उतरायला लागली. चालता चालता त्यानं गोणपाटाचं तोंड सोडलं. एकेक काडी काढायचा, कापलेल्या टोकावरनं बोट फिरवायचा, परत ठेवायचा.

आता अंजिराचा चीक काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. कातडीला लागला की आग. आणि बाजीकाकाला तर तो अजिबात सोसायचा नाही. छाटणीला हाताला फडकी गुंडाळून जायचा, तरी रात्रभर मनगटं ओरबाडत बसायचा. आणि हा? हा उघड्या हातानं चीक पुसतोय. खाजवत नाही. काही नाही.

हा बाजीकाका नव्हे, काकीनं ओळखलं. पण बाई धीराची. म्हणाली, "अहो, गाठ सुटलीया. द्या, मी नीट बांधते."

त्यानं दिलं. हातात आल्याबरोबर काकीनं ते गोणपाट उतारावरनं खाली भिरकावलं आणि जी पळाली, जी पळाली. मागं काड्या विखुरल्या. मग मोजणं ऐकू आलं. एक. दोन. तीन. आवाज बाजीकाकाचा नव्हता. वीसपर्यंत आला आणि थांबला. काकी पळतीय, वाटलं सुटले. तोच अगदी पाठीशी, कानाजवळ, "एक कमी हाय."

तिनं मागं बघितलं नाही. वेशीवरच्या मारुतीच्या देवळापाशी आली, तर समोर बत्ती. बत्तीमागं बाजीकाका. आता सांगा, कुणावर भरवसा ठेवायचा? काकीनं दगड उचलला. म्हणाली, पाऊल पुढं टाकू नका. तो बिचारा चक्रावून उभा. तेवढ्यात तिच्या हाताला पदरात अडकलेली काडी लागली. एकविसावी. तिनं ती कडकन मोडली.

"हात पुढं करा."

त्यानं केला. तिनं चीक त्याच्या मनगटाला चोळला आणि मागं सरली. दोघं उभी. अंधारातनं पुन्हा आलं, "एक कमी हाय." हे काकानंही ऐकलं. आणि मग तो मनगट खाजवायला लागला. "अगं, काय लावलंस हे? आग होतीया नुसती."

काकी तिथंच मटकन बसली आणि ढसाढसा रडली. मग उठली, काडीचे दोन्ही तुकडे अंधारात फेकले. म्हणाली, "घे बाबा. तुझं तुला."

आवाज बंद झाला.

सकाळी पाचसहाजण खिंडीत गेले. माझा बापही होता त्यांच्यात. माथ्याखाली सपाटीवर कुणीतरी दगडगोटे वेचून बाजूला केलेले. माती भुसभुशीत. आणि काड्या खोचलेल्या, हातहातभर अंतरावर, एका रेषेत. एकूण एकवीस. प्रत्येकीच्या बुडाशी ओल. खिंडीत पाण्याचा टिपूस नाही, तरी ओल. शेवटची काडी दोन तुकड्यांची, हिरव्या चिंधीनं आवळून बांधलेली. देवळापाशी फेकलेली तीच.

बापानं ती चिंधी ओळखली. घरी येऊन काकीला म्हणाला, सुंदरा, कालचं लुगडं दाखव. लुगड्याचा पदर बोटभर फाटलेला होता. हिरवा काठ.

काकी म्हणायची, फाटलं कधी ते मला कळलंच नाही.

ती झाडं अजून आहेत. फळ धरतं, पाखरू शिवत नाही. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. सडकेनं जा, कोसभर लांब पडली तरी. आणि आता घरी निघताना कुणी म्हणालं, खिंडीतनं जवळ पडतं, चला, तर त्याचं ऐकू नका. तो आपल्यातलाच आहे का, ते आधी बत्ती वर करून बघा.