गेरपाशी बसली झुंबरबाई

...आन् म्हनूनच सांगते, जीपमधी गेरपाशी बायामानसानं बसूच न्हाई! हसता काय? बसा की तुमी! आमच्या वाडीपासनं पाथर्डीपतुर रस्ता दोनदा झाला म्हनत्यात, मला मेलीला यकदाबी दिसला न्हाई. खड्डे तेवढे दिसत्यात. त्यात घाट. आन् त्या घाटात, तुमाला सांगते, माझा जीव मुठीत, आन् मुठीत गेरचा दांडा!

आता झुंबरबाईनं दांडा का धरला म्हनाल... तर आमची नात आरती. बारावीचा पयला पेपर. साडेधाला गेट बंद, मंग देव आला तरी आत घेत न्हाईत. लेक-सून कोपरगावकडं ऊसतोडीला. जाताना ल्योक म्हनला, "आये, ह्या साली पास न्हाई झाली, तर फुडल्या साली कोयताच हाय तिच्या हातात." बोलला आन् टरकात चढला. मला सांगा, झोप लागंल व्हय? आन् नेमकी त्याच दिशी यष्टी आली न्हाई!

मंग उरली बजरंगची जीप. एकवीस मानसं, चार कोंबड्या. बजरंग सवता निम्मा दाराभाईर, कारन त्याच्या डाव्या अंगाला आजून एक बाप्या कोंबलेला. मला घातली मधी, आन् गेर आला माझ्या दोन गुडघ्यांत! आन् बजरंग पडला लई मर्यादेचा मानूस... बायामानूस बसली की गेरला हात लावीत न्हाई. "मावशी, तुमीच टाका. पयला म्हंजी डाव्या अंगाला वढून म्होरं, दुसरा तितनंच मागं." आरं मेल्या, म्या जन्मात सायकल चालवली न्हाई!

"मावशी, दुसरा!" टाकला. "मावशी, तिसरा!" टाकला, तर असा कर्रकन वरडला की माझी दातखीळ बसली. मागनं कुनीतरी म्हनतंय, "जमतंय की वो झुंबरबाईला!" जमतंय काय, तुझं डोंबल! माझा जीव मुठीत, आन् मुठीत गेरचा दांडा!

घाट लागला. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला खडीचा ढीग, आन् मागनं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. चढाला गाडी धापा टाकाय लागली तसा बजरंग वरडला, "मावशी, पयला! पयला!" म्या वढला, ढकलला... दांडा नुसता ताकात रवी फिरावी तसा फिरतोय, कुटंच बसंना! आन् गाडी... अगं आई गं, गाडी मागं निघाली! म्या वरडले, "बजरंगा, बिरेक!" तर म्हनतो कसा, "दाबलाय मावशी, पर त्यो जरा सवडीनं लागतो." सवडीनं! हितं मानसं मराय लागली, आन् ह्याचा बिरेक सवडीनं!

जीपचा किलीनर वाल्मिक मागं लोंबकळत हुता, त्यानं उडी टाकून चाकाखाली दगुड सारला, तवा थांबली. कोंबड्यासुदिक गप. आरती तेवढी रडत, "आजी, धा वाजून गेलं गं!" खरं सांगू? त्या येळेला मला दरीचं भ्या न्हाई वाटलं. त्या कोयत्याचं वाटलं. डोळं मिटलं, दोनी हातांनी दांडा वढला, रेटला म्होरं... खाडकन बसला! म्हनलं, "सोड रे बिरेक, बजरंगा, काय व्हायचं ते हू दे!"

धा अठ्ठावीसला पोरगी गेटातनं आत पळाली. म्या भिताडाला टेकून बसले, आन् उजव्या हाताची मूठ काय केल्या उघडंना. दोन वाजता भाईर आली, हसत. म्हनली, "सोपा गेला आजी." म्या म्हनलं, सुटले बाई! आता ह्या जल्मात त्या दांड्यापाशी बसायची न्हाई.

तर म्हनती, "आजी, आजून पाच पेपर हायेत."

काय करते? परवा दिशी गेले मुकाट फाट्यावर. जीप गच्च भरलेली. म्हनलं बरं झालं, मागं लोंबकळू. तर बजरंग आतल्याला खेकसतोय, "ऊठ तितनं! आमच्या डायवर आल्यात."