हिरोचा पंखा आणि आमचं इंजिन

मला शांत व्हायला सांगू नका, आधी ऐका! मढला माझी आणि समीरची मिळून एक शिडाची बोट आहे ना, तिच्यात मी दोन बॅटऱ्या बसवल्यात. एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी दिवे-पंख्यांना. समीरला बजावलं होतं, "दोन्ही एकत्र जोडायच्या नाहीत रे, नाहीतर पंखे इंजिनचीही बॅटरी संपवतील."

परवा बोट शूटिंगला दिली. भर समुद्रात वारा पडला आणि बोट खडकांकडे वाहायला लागली. मी चावी फिरवली, तर नुसतं टिक!

"समीर, बॅटऱ्या जोडल्यास?"

"अगं, हिरोचा मोठा पंखा एकीवर चालेना ना!"

मी किंचाळले, तोंडात येईल ते बोलले. वर डायरेक्टर म्हणतो, "इंजिन बंदच राहू द्या, रेकॉर्डिंगला आवाज झकास येतोय!"

शेवटी मीच नांगर टाकला. एका कोळीकाकांनी दोर बांधून आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं. उतरताच समीर सगळ्यांसमोर म्हणतो, "हिच्या बॅटऱ्याच बोगस!"

मी काही बोलणार, तेवढ्यात डायरेक्टर आला. "मॅडम, तुमचं ते ओरडणं एकदम खरं वाटतंय. पिक्चरमध्ये ठेवू?"

म्हटलं, "ठेवा. पण एकही शिवी कापलीत तर बघा!"