शेपटी वाजवणारा साप

माझ्या दिराच्या फोनचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? लग्नाला दोनच महिने झालेत, त्यामुळे त्याला मी अजून मोबाइलवरच पाहिलंय. तो अ‍ॅरिझोनात असतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने अंगणात आलेल्या रॅटलस्नेकचा फोटो दाखवला. मोठ्या कौतुकानं म्हणाला, “वहिनी, एकट्या आमच्या राज्यात याच्या तेरा जाती आहेत. वाळवंटात, डोंगरात, सगळीकडे.”

सासूबाई मेथी निवडत होत्या. “मंग तिथं काहून राहून राहिला गा? ये ना वापस नागपूरले.”

“आई, आपल्याकडं काय साप नाहीत? बाबा घोणस चावूनच गेले ना शेतात? हा निदान आधी शेपटी वाजवते. माणूस सावध होते.”

सासरे कशानं गेले, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. “घोणस बी आवाज करते, बापा. कुकरच्या शिट्टीवानी. मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर होती, मले ऐकू आला. तुह्या बाबाच्या कानाले तवा तुहाच फोन होता.”

पडद्यावर दीर हलेना. नवरा घाईनं म्हणाला, “नेटवर्क गेलं वाटते.”

नेटवर्क नीट होतं. दिराच्या मागचा पंखा फिरत होता.