वडील सोबत राहतात

मुलगी : कालच्या फोनचं रेकॉर्डिंग परत लावते. या वेळी डोळे मिटून ऐक.

आई : मला नाही ऐकायचं. बंद कर ते.

मुलगी : शेवटचं वाक्य फक्त. बँकेची बाई विचारते, "मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला तुमची संमती आहे ना, साहेब?" आणि तू म्हणतेस...

आई : मी नाही म्हणत.

मुलगी : बरं. जे कोणी म्हणतं ते म्हणतं, "नाही. ती कुठेही जाणार नाही. आम्ही तिघं इथेच राहणार." आई, बाबांच्या आवाजात फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! आठवडाभर तालीम केली आपण.

आई : मला काय हौस आली होती? तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच.

मुलगी : मग?

आई : हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर कधी कधी होतं बघ. वॉर्डातून फोन येतो, मी बटण दाबते, आणि लाइनवर आधीच कुणीतरी बोलत असतं. तसं झालं. मी थांबले. ऐकत बसले.

मुलगी : स्वतःच्या तोंडातून?

आई : हसू नकोस.

मुलगी : हसत नाहीये. आई, खरं सांग, रागावणार नाही. तुला मी जायला नकोय का?

आई : नको असतं तर तुझ्याबरोबर इतक्या बँकांच्या पायऱ्या झिजवल्या असत्या? एकाने विचारलं, तारण काय ठेवणार. दुसरा म्हणाला, उद्या मुलीचं लग्न झालं तर हप्ते कोण भरणार. मी त्याला काय म्हटलं?

मुलगी : "तुमचं झालंय ना लग्न, तुमचे कोण भरतं?"

आई : तेव्हा माझाच आवाज होता ना?

मुलगी : चांगला खणखणीत होता. बाहेरच्या रांगेतली माणसं हसली.

आई : मग झालं तर. मी आता परत फोन करते. परत तुझे बाबा बनते, आणि म्हणते, काल डोकं फिरलं होतं, आज हो म्हणतोय.

मुलगी : नको! थांब जरा. काल बादली कुठे होती?

आई : कसली बादली?

मुलगी : निळी. बाबांचा आवाज काढताना तोंडाशी धरतेस ती.

आई : तिच्यात कपडे भिजत होते. तशीच बोलले मी.

मुलगी : तशीच. मग हा घुमारा कुठून आला?

आई : मला काय विचारतेस? शिकलेली तू.

मुलगी : म्हणूनच विचारतेय. हे बघ, आवाज जाड करणं सोपं आहे. कोणीही करेल. पण घशापासून ओठांपर्यंत जी पोकळी असते ना, नळीसारखी, तिची लांबी ज्याची त्याची असते. आवाजावरून ती साधारण काढता येते. बाबांचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, माझ्या वाढदिवसाचं. त्यातली लांबी काढली. तुझी काढली. कालच्या फोनवरची काढली.

आई : आणि?

मुलगी : ती तुझी नाहीये, आई.

आई : चुकलं असेल कुठेतरी तुझं.

मुलगी : मलाही तसंच वाटलं. परत केलं. परत तेच आलं.

आई : एवढं समजतं तर हेही समज. मी ही नाटकं हौसेने नाही सुरू केली. तो पाण्याचे फिल्टर विकणारा दारात एक पाय आत टाकून विचारत होता, "घरात पुरुषमाणूस नाही का कुणी?" हे जाऊन महिना झाला होता. मी आत गेले, हाताला लागली ती बादली तोंडाला लावली आणि विचारलं, "कोण आहे रे?" पायऱ्या उतरताना त्याच्या पिशवीतले पेले वाजत होते.

मुलगी : मी तेव्हा जिन्यात होते. शाळेतून येत होते. बाबांचा आवाज ऐकला आणि दप्तर टाकून आत धावले. तर तू पलंगावर, बादलीत डोकं घालून.

आई : मला वाटलं रडशील.

मुलगी : रडू आलं नाही. मला वाटलं, एवढ्याशा बादलीत माणूस मावतो कसा?

आई : आणि तेच शिकायला निघालीस. धन्य आहे.

मुलगी : पण मग ते वाढतच गेलं ना. मीटरवाला आला की खोकला. गॅसवाला आला की खोकला. घरमालक तर दारातूनच विचारतो, "साहेबांची तब्येत कशी आहे?" खोकल्याचं औषध पाठवलं त्याने.

आई : भला माणूस आहे.

मुलगी : ती बाटली संपत आलीये, आई.

आई : हो, मी बघितलं. तू घेतेस ना?

मुलगी : मी? मी समजत होते तू घेतेस.

आई : मी कशाला घेऊ? मला काय झालंय? परवा एक्सचेंजवर एक जण मला "साहेब, जरा आयसीयू जोडा" म्हणाला, तेवढंच. जरा घसा बसलाय.

मुलगी : हे सांगितलं नाहीस मला.

आई : त्यात काय सांगायचं? दुसरा पण म्हणाला.

मुलगी : आणि ते दारातले बूट. आजही पॉलिश केलेस. आत्ता बाहेरून येताना अडखळले त्यांच्यावर.

आई : केलेच पाहिजेत. धूळ बसलेल्या बुटांना कोण घाबरणार?

मुलगी : ते बाबांच्या पायातले नाहीत आता, आई. ते नुसते बूट आहेत.

आई : बूट घालून गेले असते तर मी त्याच दिवशी समजले असते. चपला घालून गेले. अंगठा शिवून आणलेल्या चपला. चपला घालून माणूस किती लांब जाणार? म्हणून दोन दिवस मी काळजीसुद्धा केली नाही. एक शब्द सांगितला नाही जाताना. मी आत पोळ्या करत होते आणि...

मुलगी : फोन वाजतोय.

आई : बँकेचा आहे?

मुलगी : हो. तू बोलू नकोस. काही झालं तरी बाबांना बोलवायचं नाही. मी खरं सांगणार आहे.

आई : अगं, खोटं लिहून दिलं म्हणून पोलिसात देतील!

मुलगी : आज संमती गेली नाही तर फाइल बंद. फाइल बंद म्हणजे सीट गेली. मग पोलीस काय आणि कोण काय.

(मुलगी फोन स्पीकरवर टाकते. पलीकडे बँकेच्या शैक्षणिक कर्ज विभागातली अधिकारी.)

अधिकारी : हॅलो, शैक्षणिक कर्ज विभागातून बोलतेय. तुमची फाइल आज बंद करतेय, ते कळवायला फोन केला. वडिलांनीच काल नाही म्हटलंय, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

मुलगी : मॅडम, वडील घरी नाहीत.

अधिकारी : बाहेर गेलेत का? मग आले की...

मुलगी : सात वर्षं झाली त्यांना बाहेर जाऊन.

अधिकारी : काय?

मुलगी : काल तुम्ही माझ्या आईशी बोललात. तिने त्यांचा आवाज काढला होता. फॉर्मवर 'वडील सोबत राहतात' लिहिलं ते मी. तुमचा माणूस घर बघायला आला तेव्हा आतल्या खोलीत खोकली ती आई.

अधिकारी : अहो, काहीतरीच काय! दिवसभर माणसांशी फोनवरच बोलते मी. बाई कोण नि पुरुष कोण एवढं कळत नाही का मला?

मुलगी : मलाही कळत होतं. कालपर्यंत.

अधिकारी : पण असं करायचंच कशाला? आईंची हॉस्पिटलची पक्की नोकरी आहे. त्यांच्या एकटीच्या सहीवर झालं असतं.

मुलगी : झालं असतं?

अधिकारी : घरात पुरुष नसेल तर होतं. असेल तर सिस्टीम त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. तुम्ही तसं लिहिलं नसतंत, तर एव्हाना पैसे कॉलेजात पोचले असते.

मुलगी : म्हणजे नसलेला माणूस आडवा आलाय.

अधिकारी : असलेलेही येतात, ते सोडा. आता मी काय करायचं, सांगा. नियमाने बघितलं तर मला हे वर कळवायला पाहिजे.

मुलगी : आम्ही दोघीच राहतो हो. दारात कोणी आलं की आतून पुरुषाचा आवाज यावा, एवढंच होतं सुरुवातीला.

अधिकारी : हं.

मुलगी : मॅडम?

अधिकारी : ऐकतेय. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण मीही एकटी राहते. दार उघडलं की समोर दिसेल असं हेल्मेट टांगलंय खुंटीला. चांगलं मोठं, काळं. मला सायकलसुद्धा येत नाही.

मुलगी : ते खोकत नाही ना?

अधिकारी : नाही बाई. अजून तरी. बरं, ऐका. कालच्या फोनवर मी 'बोलणाऱ्याची ओळख पटली नाही' अशी नोंद करते. त्यात खोटं काही नाही. वडील बेपत्ता असल्याचं प्रतिज्ञापत्र पुढच्या आठवड्यात आणून द्यायचं. आणि आत्ता आईंची संमती रेकॉर्ड करायची. आहेत ना तिथे?

मुलगी : आई, बोल.

आई : मी मुलीची आई बोलतेय. मला मान्य आहे.

अधिकारी : हे काय चालवलंय तुम्ही?

मुलगी : काय झालं?

अधिकारी : हा कालचाच माणूस आहे! आत्ता म्हणालात ना, घरात कोणी नाही?

आई : अहो, मीच आहे. आईच बोलतेय.

अधिकारी : साहेब, फोन बाईंकडे द्या.

मुलगी : आई, आता आवाज नको ना काढूस.

आई : कुठे काढतेय? हे माझं साधं बोलणं आहे. माझा आवाज असाच आहे ना गं?

मुलगी : नाही.

आई : मघापासून असाच बोलतेय मी?

मुलगी : माहीत नाही. मला रोजची सवय झालीये, मला ऐकूच आलं नाही. आई, नीट बोल. प्लीज.

आई : मग माझा कसा होता? तू सांग. मला आठवत नाहीये.

अधिकारी : मला फार वेळ थांबता येणार नाही हं. लाइन आपोआप तुटते.

मुलगी : मला हाक मार.

आई : आत्ता?

मुलगी : मी खाली खेळायचे तेव्हा गॅलरीतून मारायचीस तशी. चार इमारतींना ऐकू जायची. बाबा गेल्यापासून एकदाही मारली नाहीस.

आई : आत नवरा झोपलेला असला की बाई अशी ओरडत नाही. लोकांना संशय आला असता.

मुलगी : मार हाक.

आई : टिटवे.

मुलगी : हे त्यांचं आहे. परत.

आई : टिटवे...

मुलगी : खाली ऐकू येत नाहीये. मी खाली आहे, आई. अंधार पडायला लागलाय, बाकीची मुलं घरी गेलीत, आणि मी काही वर येत नाहीये.

आई : टिटवेऽऽ! ए टिटवेऽऽ! वर ये म्हणते ना, मेले!

अधिकारी : बापरे! कान गेला माझा. हां, हा बाईंचा आवाज. बोला, बोला, पटकन बोला.

आई : मी हिची आई. हिच्या शिक्षणाच्या कर्जाला माझी संमती आहे. हिला जाऊ दे.

अधिकारी : 'जाऊ दे' बोलायची गरज नव्हती, पण असू दे. झाली नोंद. फाइल पुढे गेली. फक्त मागून कोणी बोलायला नको होतं, रेकॉर्डिंगमध्ये येतं ते.

मुलगी : मागून कोण बोललं?

अधिकारी : आत्ता, आईंच्या शेवटच्या वाक्यावर. "बरं, निघतो मग," असं काहीतरी. टीव्ही असेल तुमचा.

मुलगी : आमच्याकडे टीव्ही नाहीये.

अधिकारी : मग शेजारचा असेल. ठेवते मी. आणि ऐका... आज घरी गेले की ते हेल्मेट आधी उतरवते.

आई : गेली का फाइल?

मुलगी : गेली. आई, तुझा आवाज!

आई : घसा सोलून निघालाय. पाणी दे.

मुलगी : देते. आधी ते बूट आत घेते. यापुढे दारात ठेवायचे नाहीत.

आई : घे. टाकू नकोस, कुणाच्या तरी पायाला होतील.

मुलगी : सकाळी पॉलिश करून कुठे ठेवलेस?

आई : कुठे म्हणजे? पायपुसण्याच्या डावीकडे, रोजच्या जागी. आत्ता अडखळलीस ना?

मुलगी : अडखळले ना. आई, इथे बूट नाहीत.

आई : नीट बघ.

मुलगी : नीटच बघतेय. बुटांच्या जागी चपला आहेत. जुन्या. टाचा पार झिजलेल्या.

आई : डावीचा अंगठा शिवलेला आहे का?

मुलगी : आहे.

आई : दोऱ्याने? काळ्या?

मुलगी : हो. आई, मी जिन्यात जाऊन बघू का?

आई : नको. आत ये, दार लाव. या वेळी सांगून तरी गेले.