अक्का मोकळी झाली

...आणि सोडायचंच होतं तर जेवणाआधी सांगायचं ना! माझा घास घशात अडकला. अक्का, म्हणजे आमची थोरली बहीण, ताट सरकवते आणि म्हणते, "गुडघे कुरकुरतात माझे. मी आता ट्रस्टी राहणार नाही." झालं! उठली, हात धुतले, गेली. माझी काही तक्रार नाही हं. पण ही काय रीत झाली?

तुम्हाला सांगतो, आमच्या वडिलांनी घर आम्हा तिघांत वाटलं नाही. शहाणा माणूस! ट्रस्ट केला. घर ट्रस्टचं, राहायचं आम्ही, सांभाळायचं अक्कानं. वर आमची बिऱ्हाडं, खाली माझं लेथ मशीन. आता अक्का गेली की ट्रस्ट गेला, ट्रस्ट गेला की घर विकलं, घर विकलं की लेथ ठेवू कुठे, डोक्यावर? आणि धाकटा भाऊ तर दारं-खिडक्या अशा न्याहाळत होता, जसं काही गिऱ्हाईक जिन्यातच उभंय! शाळा माझी चौथीत सुटली, पण डोळे शाबूत आहेत.

गेलो तिघंही वकीलबाईंकडे. म्हटलं, "बाई, सरळ सांगा. मी रस्त्यावर का?"

बाई हसल्या. "काका, ड्रायव्हर उतरला म्हणून तुमची सीट जाते का?"

"सीट नाही जात, पण बसही हलत नाही!"

"म्हणून दुसरा नेमायचा. तुम्ही तिघं लाभार्थी, तुमचा हक्क जिथल्या तिथे. नव्या ट्रस्टीलाही तुमच्या वडिलांनी लिहिलंय तसंच वागावं लागेल, घर विकायची मुभा त्यालाही नाही. आणि तो सगळं ताब्यात घेईपर्यंत अक्कांची सुटका नाही."

माझा जीव भांड्यात पडला. अक्काचा चेहरा पडला!

आता नवा कोण? तिघांनी मिळून ठरवायचं. बघा गंमत, इतकी वर्षं पंप बंद पडला, ओरडा अक्काच्या नावानं! जिन्यात अंधार, अक्का! शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतंय, तेही अक्का! आणि जागा रिकामी झाली तर धाकटा म्हणतो, "दादा, मला बीपी आहे." अरे, सकाळपर्यंत नव्हतं! मग अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा तिरसट आहे, पण लबाड नाही." तुम्हाला सांगतो, बहिणीनं जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं, तेही वकिलासमोर... सही करून बसलो! माझी काही तक्रार नाही.

पण दुसऱ्याच दिवशी पंप बिघडला. मी वाकलोय, पाणी पायांवर, आणि वरून धाकटा ओरडतोय, "दादा, आंघोळ करायची की नाही आम्ही?" तेव्हा कळलं हो. ही बाई सगळ्यांची बोलणी खात राहिली म्हणून माझं मशीन इतकी वर्षं निवांत फिरलं. केवढे उपकार! ओल्या पायांनीच जिना चढलो. म्हटलं, आज बोलायचंच.

अक्कानं दार उघडलं. चेहरा कसा टवटवीत!

"अक्का, तू होतीस म्हणून—"

"ते राहू दे. मी आता नुसती लाभार्थी. माझा नळ गळतोय, खिडकी लागत नाही. आणि खालच्या मजल्यावरचा एक लाभार्थी भर दुपारी लेथ चालवतो, माझी झोपमोड होते. त्याला समज द्या. ट्रस्टी तुम्हीच ना?"

खाली आलो, लेथसमोर उभा राहिलो, स्वतःलाच चांगला दम भरला... आणि मुकाट्यानं बटण बंद केलं.