पावडरनं कुठं वळ झाकतेत?

त्या सिरियलवर लोक काय काय बोलले, पण आमच्या शेजारच्या काकूंसारखं कुणी बोललं न्हाई. मस्तगडात माझ्या घरी आम्ही भिशीच्या बाया दुपारी बघून राह्यलो होतो. बंगल्यातल्या श्रीमंत आयांची गोष्ट. एकीला नवरा मारतो, ती पावडर लावून हातावरचे वळ झाकते.

तेवढ्यात काका काकूंना बोलवायला आल्ते. टीव्हीकडं बघून म्हणाले, "मोठ्या लोकांची थेरं! आपल्यात असलं बिलकुल होत न्हाई."

काकू म्हणाल्या, "पावडरनं कुठं वळ झाकतेत? भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालावं लागतं."

आम्ही सगळ्या त्यांच्या बाह्यांकडं बघायला लागलो.

"चल, घरी चल," काका म्हणाले.

काकूंनी दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या अन् मला म्हणाल्या, "आवाज वाढव गं."