बोंबलाला मागणी

आजच्या या हृद्य सोहळ्याचे अध्यक्ष, सुकापूरचे ज्येष्ठ शेतकरी आणि माझे सख्खे मामा, आदरणीय तुळशीराम म्हात्रे. जिच्यासाठी आपण सगळे कामधंदा टाकून इथे जमलो ती उत्सवमूर्ती, म्हणजे आपल्या डॉक्टरबाई, सॅली वाकरूळकर. त्यांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं कुत्र्यांची तोंडं धरून बसलेल्या भामाताई. समोर बसलेली दोन पायांची आणि चार पायांची तमाम मंडळी. आणि या टेबलाच्या कापडाआड आत्ता जे घोरत आहेत ते श्रीयुत बोंबील. आपणा सर्वांना मी, हरेश भोईर, सुकापूरकर, हात जोडून नमस्कार करतो.

तो खर्र खर्र आवाज माइकमधून येतोय, त्याबद्दल साउंडवाल्याला कोणी काही बोलू नका. त्याचं मशीन चांगलं आहे.

आता प्रथेप्रमाणे मी कागद काढायला हवा. माझ्या सौभाग्यवतीने, मनिषाने, मला दोन पानी भाषण लिहून दिलं होतं. पहिल्या पानावर दिवा, ज्योत, चंदन वगैरे सगळं होतं. दुसऱ्या पानावर मुद्दा होता. ते दुसरं पान आज दुपारी आमच्या चेरीने खाल्लं. चेरी म्हणजे आमची कुत्री, ती तिसऱ्या रांगेत बसलीय, आणि बघा कशी साळसूद! तेव्हा मुद्दा मी माझ्या भाषेत सांगतो. शहरातलं बोलता बोलता मधेच आमचं गावचं तोंड सुटलं तर सांभाळून घ्या.

आपल्याला माहीतच आहे की डॉक्टरबाई गुरुवारी चालल्या. एकतीस वर्षं पनवेलमधल्या गाई-म्हशी-कुत्री-मांजरं सांभाळून आता त्या इस्राएलला लेकीकडे जातायत. नोगाला पहिलं बाळ होणार आहे. पहिलटकरीण लेक, आणि तिची आई इथे! पण बाईंनी आतापर्यंत दोनदा तिकीट रद्द केलं. का? तर या बोंबलापायी. विमान कंपनीने साफ सांगितलं, बसक्या नाकाचा कुत्रा आम्ही नेत नाही, वाटेत श्वास कोंडेल. आणि इथे ठेवावा, तर त्याला ठेवून घ्यायला कोणी तयार नाही. मागचे गुडघे निकामी, जिना चढत नाही, दिवसातून दोनदा औषध, आणि घोरणं तर आपण ऐकताच आहात. परवा बाई भामाताईंना म्हणाल्या, "भामा, याची सोय लागली नाही तर मी तिसऱ्यांदा तिकीट रद्द करीन." आणि बाई बोलतात ते करतात हो! मामा, तुमच्या म्हशीच्या वेळी आठवतं ना?

तर प्रश्न असा, की या बोंबलाचं नाक बसकं केलं कोणी? देवाने? अहो, देव बिचारा बदनाम. मी केलं.

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे ते.

सहा वर्षांपूर्वी मी एक जात काढली. लोक प्लॉट काढतात, चाळ काढतात, मी कुत्र्याची जात काढली. आमच्या घरी पिंकी नावाची पग कुत्री होती. खारघरला एका ओळखीच्यांकडे पोमेरेनियन होता, झुपकेदार, सोनेरी, तोंड असं की जणू आत्ताच केस सेट करून आलाय. मी म्हटलं, पगचा चेहरा आणि पोमेरेनियनचे केस! दोघांचं लावून दिलं. पहिल्या वेताला पाच पिल्लं झाली. काय पिल्लं होती म्हणून सांगू! मी नाव ठेवलं 'पनवेल टेडी'. मोबाइलवर फोटो टाकला आणि लोक वेडे झाले. टॉवरमधून फोन यायचे. कोणाला भुंकणारा नको, कोणाला केस गाळणारा नको, एका ताईंना तर मोठा होणारा नको होता. मी मनात म्हणायचो, ताई, तुम्हाला कुत्राच नकोय. पण तोंडाने म्हणायचो, "आहे ना, ताई, आपल्याकडे सगळं आहे."

गावात माझा काय रुबाब वाढला! पोरं मला 'टेडीशेठ' म्हणायला लागली. डोकं ठिकाणावर राहील कसं?

पहिल्या वेतातली चेरी मी घरी ठेवली. ती वयात आल्यावर मी ठरवलं, टेडीला टेडीच नवरा पाहिजे, जात पक्की झाली पाहिजे. उरणला परेश घरत, आज इथे आलेत, उठा परेशभाऊ, यांच्याकडे शेरा नावाचा एक टेडी होता. फोटोत असा देखणा, की मनिषा म्हणाली, "आपल्या जावयापेक्षा चांगला दिसतो." जावई पण आलाय, तिकडे बघू नका. तर मी रीतसर सोयरीक केली. बघण्याचा कार्यक्रम झाला. कांदेपोहे झाले, ते शेरानेच खाल्ले. पत्रिका छापली, 'चि. शेरा' आणि 'चि. सौ. कां. चेरी'. आणि आमच्या आगऱ्यांत लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. मांडव, डीजे, चारशे पान!

पत्रिका डॉक्टरबाईंना पण गेली. बाईंना वाटलं, आजकाल पोरांची नावं अशीच ठेवतात. त्या छान साडी नेसून, गजरा माळून, हातात नवा प्रेशर कुकर घेऊन आल्या! मांडवात बघतात तर पाटावर दोन कुत्री बसलेली, हळद लावून पिवळीधमक. बाई कुकर घेऊन तशाच उभ्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की भामाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

आता आमच्याकडे हळदीला धवलारीण असते. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, जुनी लग्नाची गाणी म्हणते ती धवलारीण, आणि तिच्या गाण्याशिवाय कार्य पुरं होत नाही. आमच्या गोदूआय, ऐंशीच्या पुढे वय, आवाज अजून खणखणीत. तिला मी सांगितलं होतं, आय, कुत्र्यांचं लग्न हाय, गंमत हाय, दोन ओळी म्हण. पण गोदूआय कशाला ऐकते! तिच्या गाण्यात नवरा-नवरीच्या आईबापाचं नाव यावंच लागतं. तिने गाणं मधेच थांबवलं आणि विचारलं, "नवरीचा बाप कोन?"

मी नाचत होतो. तसाच नाचत नाचत स्टेजवर गेलो आणि माइक हातात घेऊन ओरडलो, "बाप मीच! ही जातच मी काढली, सगळ्या टेड्यांचा बाप मीच!" टाळ्या, शिट्ट्या, डीजेने तुतारी वाजवली.

गोदूआय म्हणाली, "बरा. नि नवऱ्याच्या आयशीचा नाव काय?"

हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. परेशभाऊ म्हणाले, मी शेराला खारघरच्या एका जोडप्याकडून घेतला, ते बदली होऊन गेले, जाताना एक कार्ड देऊन गेले. लसीचं कार्ड. ते त्यांच्या पाकिटात तीन वर्षं होतं, पण वाचता कोणालाच आलं नव्हतं. कारण अक्षर डॉक्टरांचं होतं! आणि डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांशिवाय कोण वाचणार? ते अक्षर आमच्या डॉक्टरबाईंचंच होतं.

बाईंनी चष्मा लावला. कार्ड वाचलं. एकदा शेराकडे बघितलं, एकदा चेरीकडे. मग म्हणाल्या, "डीजे बंद करा."

"हरेश, नवरीची आई कोण?"

"पिंकी."

"नवऱ्याची आई पण पिंकी. मालक, हरेश भोईर, सुकापूर. एकाच वेतातली आहेत ही."

आणि मग भामाताई ओरडल्या, "अगं बाय बाय! ही तं भाव-बहीन हायेत!"

काय तो गोंधळ! गोदूआयने कपाळावर हात मारला. मामा उभे राहून ओरडायला लागले, "हळद पुसा! आधी हळद पुसा!" दहा बायका दोन कुत्र्यांच्या मागे ओले टॉवेल घेऊन. पण हळद कधी पुसून जाते का? पंधरा दिवस चेरी पिवळी होती. आमच्या आळीत येणारा-जाणारा विचारायचा, "काय टेडीशेठ, बहिणीचं लग्न कुठवर आलं?"

जेवण मात्र कोणी सोडलं नाही. ते बरं झालं.

मंडळी, इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण जाताना बाई मला एवढंच म्हणाल्या, "हरेश, उद्या सकाळी दवाखान्यात ये." मला वाटलं, शिव्या देतील. मी गेलो. बाईंनी चहा दिला. टेबलाखालून एक कुत्रा सरपटत बाहेर आला, मागचे पाय ओढत, जीभ बाहेर, नाकातून शिट्टी वाजतेय. आला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला.

बाई म्हणाल्या, "ओळखलंस?"

मी म्हटलं, "नाय."

"पिंकीच्या दुसऱ्या वेतातला. तू आणला होतास माझ्याकडे. म्हणालास, हा विकला जाणार नाही, याला कायमचं झोपवायची सुई द्या. मी म्हटलं, ठेवून जा. तू ठेवून गेलास आणि परत विचारायला आला नाहीस."

मंडळी, मी घरी मनिषाला सांगितलं होतं, पिल्लू आजाराने गेलं. ती दोन दिवस रडली होती. आणि तो जिवंत होता. भामाताईंनी त्याचं नाव बोंबील ठेवलं होतं, कारण उचलला की सगळीकडून लोंबतो. मी चहाचा कप खाली ठेवला. खोटं कशाला बोलू, मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

मी कारणं द्यायला लागलो. म्हटलं, बाई, मिसळीत काय वाईट आहे? रस्त्यावरचं कुत्रं पण मिसळच ना? बाई म्हणाल्या, "मिसळीत काहीच वाईट नाही. पण मटकी वास मारत असेल तर वरून कितीही फरसाण घाल, पोट बिघडणारच. पगचा श्वास कच्चा, पोमेरेनियनची श्वासनळी कच्ची. दोघांच्याही गुडघ्याच्या वाट्या सरकतात. तू फक्त केस बघितलेस. तुझ्या मुलीच्या लग्नात किती चौकशी केली होतीस?"

केली होती हो! जावयाच्या आजोबांना दमा होता का, इथपर्यंत केली होती. जावई समोर बसलाय, विचारा त्याला. पोरीसाठी सात पिढ्या बघितल्या आणि पिंकीसाठी एक केसांचा झुपका बघितला. पिंकीला तर कोणी विचारलंच नव्हतं, बाई गं, तुला हवीत का पिल्लं?

त्या दिवसापासून माझ्याकडे पिल्लं बंद. पिंकीचं आणि चेरीचं ऑपरेशन बाईंनीच केलं. आणि बाईंनी मला शिक्षा दिली, की दोन वेतातली नऊच्या नऊ पिल्लं शोधून काढ, प्रत्येकाचे गुडघे तपासायला घेऊन ये. मी हिंडलो. खारघरच्या एका विसाव्या मजल्यावरच्या काकूंनी मला आत घ्यायच्या आधी आधार कार्ड मागितलं. पण सगळी सापडली. आज त्यातली सहा या सभागृहात आहेत, आणि सगळ्यांना बाईंनी चालतं ठेवलंय. मालकांनो, टाळ्या बाईंसाठी! शेरा, भुंकू नको, बस खाली.

राहिला बोंबील.

गेला महिनाभर बाईंनी सगळ्यांना विचारलं. या सभागृहात असं घर नाही जिथे त्यांनी विचारलं नाही. एकट्या मला नाही विचारलं. मी वाट बघत होतो, फोन येईल. नाही आला. का विचारतील? ज्याने सुई द्यायला आणला त्याच्याच हातात कसा देतील? मी बाईंच्या जागी असतो तर मी पण नसता दिला.

म्हणून मंडळी, मी आज भाषणाच्या नावाखाली वेगळ्याच कामाला आलोय. मनिषा, ती पिशवी दे. ही साखर. हा नारळ. आमच्या रीतीप्रमाणे, चार पंचांसमोर, मामांच्या साक्षीने, डॉक्टरबाई, मी तुमच्या बोंबलाला मागणी घालतो.

हसू नका हो! मी खरंच घालतोय.

काय म्हणता बाई? चौकशी करणार? करा, करा, केलीच पाहिजे. जिना? जिना नाही वापरायचा. ओटीला उतार बांधून घेतलाय, मामांनी स्वतः चालून बघितलाय, त्यांचेही गुडघे तसलेच आहेत. औषधं? गेले पंधरा दिवस मी भामाताईंकडे गुपचूप शिकायला जातोय, तोंडात गोळी सरकवायला. हा बघा अंगठा, तीन दात आहेत. घोरणं? मनिषाला तीस वर्षांची सवय आहे. जेवण? तुम्ही हळदीला आणलेला कुकर अजून घरात आहे, त्यात याचा मऊ भात होईल. आणखी काय? पुन्हा कधी सुई... नाही, बाई. तो आपणहून जाईल तेव्हा माझ्या मांडीवर जाईल. तोवर नाही.

डोळे पुसू नका, बाई, मला पुढचं बोलता येणार नाही.

गोदूआय, तू पुढे ये गं. त्या दिवशी गाणं अर्धं राहिलं होतं. तू विचारलं होतंस, बाप कोन, आणि मी मिरवून सांगितलं होतं, बाप मीच. तेव्हा दारू बोलत होती. आज मी पाणी पिऊन सांगतो. बोंबलाच्या आयशीचं नाव पिंकी. बापाचं नाव हरेश. घे गाण्यात.

काय बाई? कार्ड? हे त्याचं कार्ड... मालकाचं नाव खोडलंय, आणि इथे खाली काहीतरी लिहिलंय तुम्ही. मला वाचता येत नाही, भामाताई, तुम्ही वाचा. काय? मोठ्याने वाचा! 'हरेश भोईर, सुकापूर'? कधी लिहिलंत, बाई? आत्ता तर पेन नव्हतं हातात! घरून लिहून आणलंत? म्हणजे तुम्ही वाट बघत होतात, मी कधी विचारतो त्याची? अहो, मग महिनाभर माझा जीव का टांगून ठेवलात!

मामा, घंटी वाजवू नका, आटपतो. बाई, गुरुवारचं विमान पकडा. नोगाला आमच्या सगळ्यांचे आशीर्वाद सांगा, बारशाचा फोटो पाठवा, आणि बाळाला सांगा, पनवेलला तुझा एक घोरणारा मामा आहे. अध्यक्षांचे, भामाताईंचे, साउंडवाल्याचे आणि शेवटपर्यंत न भुंकलेल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाला मान द्यायचा राहिला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. केलेल्या सगळ्या चुकांची माफी मागतो. बोंबलाची मागत नाही. चूक माझी होती, तो चूक नाय, तो माझा पोरगा हाय.

ऊठ रे बोंबला. घरी जायचंय.